डोक्याला मुका मार: सीटी नॉर्मल आली, आता पुढे काय?

"सीटी स्कॅन नॉर्मल आहे, घेऊन जा घरी." एवढं ऐकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गाडीवरून पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी रानात जातो, पोरगी तिसऱ्या दिवशी क्लासला जाऊन बसते. आठवड्याभरात तक्रारी सुरू होतात. डोकं जड राहतं, वाकलं की गरगरतं, वाचलेलं टिकत नाही, घरात कुणी मोठ्यानं बोललं तरी चीड येते. मग घरातले म्हणतात, "रिपोर्ट तर चांगला आला होता, आता हे काय नवीन काढलं?" काहींना ते नाटक वाटतं, तर काही जण घाबरून पुन्हा सीटी काढायला पळतात. या दुखण्याचं वैद्यकीय नाव कन्कशन. आपण त्याला डोक्याचा मुका मार म्हणतो, आणि ते नाव अगदी नेमकं आहे.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की कवटी थांबते, मेंदू मात्र मागून सरकत येतो आणि पिळला जातो. कन्कशनमध्ये हा पीळच जास्त घातक. म्हणूनच डोकं कुठे आपटलं नाही, नुसता मानेला जोराचा हिसका बसला, तरी कन्कशन होऊ शकतं. पीळ बसला की पेशींचे लांब धागे ताणले जातात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हा गोंधळ निस्तरायला पेशींमधले पंप जोरात चालू लागतात आणि त्यांना ऊर्जा भरमसाट लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. एप्रिलमध्ये रात्री थ्री फेज आली की शिवारातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज पडतं, तशी ही अवस्था आहे. मोटारी सगळ्या धड असतात, पण एकही नीट पाणी ओढत नाही. सीटीत रक्त दिसतं, मोडलेलं हाड दिसतं, सूज दिसते. व्होल्टेज दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस आजारी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. बेशुद्ध पडला नाही म्हणजे मार किरकोळ, असं धरू नका. खेळात होणाऱ्या कन्कशनमध्ये दहापैकी नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत.

मार कसा लागतो, आणि पहिली काही मिनिटं

आपल्या मराठवाड्यात मोटारसायकल हे सगळ्यात मोठं कारण. त्यातही एक प्रकार वारंवार घडतो. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर लेकरू किंवा बाजाराची पिशवी, धरायला हात मोकळा नाही, आणि समोर पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक. गाडीचा वेग जेमतेम पंचवीस-तीस. चालवणाऱ्याला खरचटतही नाही, पण बाई पाठीवर पडते आणि डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटते. याशिवाय चिंचा पाडताना झाडावरून पडणं, उन्हाळ्यात बिनकठड्याच्या गच्चीवरून झोपेत खाली येणं, उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून घसरणं, बैलाच्या शिंगाचा हिसका, कबड्डीच्या पकडीत कानशिलावर बसलेला गुडघा. कारणं निराळी, आत होतं ते एकच.

माणूस पडला की भोवती गर्दी जमते आणि मायेपोटीच चुका होतात. बगलेत हात घालून उठवतात, तांब्याभर पाणी तोंडात ओततात, कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. शुद्ध पुरती आलेली नसताना पाजलेलं पाणी श्वासनळीत जातं, हा धोका मारापेक्षा मोठा ठरू शकतो. हुंगवण्यानं काहीही होत नाही. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर मानही मोडलेली आहे असं समजूनच हात लावा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, ओकारी येतेय, अशा वेळी डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. त्याला किमान तीन माणसं लागतात, आणि डोकं धरणाऱ्यानं "चला" म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून वळवायचं. हेल्मेट घातलेलं असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते काढायची घाई करू नका. काढावंच लागलं तर एकानं समोरून जबडा आणि मानेची मागची बाजू घट्ट धरायची, दुसऱ्यानं हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवत सावकाश ओढायचं. १०८ ला फोन लावणारा माणूस आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं लावला असेल.

शुद्धीवर असलेल्या माणसाला "बरं वाटतंय का?" असं विचारून काही कळत नाही. "काय नाही झालं, बरा हाय मी," हेच उत्तर येणार. त्यापेक्षा नेमकं विचारा. आज वार कोणता? कुठून निघालो होतो? सकाळी काय खाल्लं? आठवड्याचा बाजार कोणत्या दिवशी? रविवारपासून उलटे वार म्हणून दाखवा. बैल, चावी, पाणी, लिंब, दोरी हे पाच शब्द सांगा आणि पाच मिनिटांनी परत विचारा. "माझी गाडी कुठंय?" असं विचारून, उत्तर ऐकून, दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारणारा माणूस तुम्हाला त्रास देत नसतो. नवी आठवण साठवण्याचं काम त्याच्या मेंदूत तेवढ्यापुरतं बंद पडलेलं असतं. यातलं एक जरी चुकलं तरी त्या दिवशी खेळ बंद, गाडी बंद. सगळं बरोबर आलं तरी मार लागला नाही असा अर्थ मात्र काढू नका. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वर येतात.

दवाखान्यात कधी धावायचं

पुढची यादी घरातल्या सगळ्यांना पाठ असावी असं मला मनापासून वाटतं. पुन्हा पुन्हा ओकारी. वाढत जाणारी डोकेदुखी. हलवूनही नीट जाग न येणं. फिट. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी. बोबडी वळणं, हात किंवा पाय लुळा पडणं. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखं पातळ काही येणं. कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं. बडबड, भांडखोरपणा, ओळख विसरणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

लक्षण नसतानाही तपासणीला नेलंच पाहिजे अशी माणसंही आहेत. पासष्टीच्या पुढची. हृदयात स्टेंट किंवा झडप बसवल्यावर, अथवा पक्षाघातानंतर रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेली. दारू प्यायलेली, कारण नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. "पिऊन पडलाय, झोपू द्या" यात माणसं गेली आहेत. पायी चालताना गाडीनं उडवलेली, किंवा तीन फुटांहून उंचावरून अथवा पाचेक पायऱ्यांवरून पडलेली. दोन वर्षांच्या आतलं लेकरू तीन फुटांहून उंचावरून पडलं असेल, अंगावर पीत नसेल, सारखं किरकिरत असेल किंवा कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र मऊ टेंगूळ आलं असेल, तर तेही. कपाळावरचं कडक टेंगूळ दिसायला भयंकर असतं, पण डोक्याच्या बाजूचं मऊ टेंगूळ त्यापेक्षा जास्त काळजीचं.

पडल्यावर उठला, चहा प्यायला, तासभर गप्पा मारल्या आणि मग झोपाळला, हा क्रम सगळ्यात फसवा. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी, म्हणजे धमनी, जाते. हाड तडकून ती फाटली की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचू लागतं. साचेपर्यंत माणूस चांगला असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर तो चालत घरी येतो, उशीर झाला तर नाही. म्हणून अशा वेळी सीटी नसलेल्या दोन-तीन ठिकाणी थांबत जाण्यापेक्षा सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही कुठे मिळतील ते फोनवर विचारून सरळ तिथे निघा. संभाजीनगर (तिथलं घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. निघतानाच फोन करून न्यूरोसर्जन आहे का ते विचारलेलं बरं.

दवाखान्यात खरं सांगा. पोलिसांचं लफडं नको म्हणून "न्हाणीत पाय घसरला" असं सांगणारे पुष्कळ. डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतात ती पोलिसांसाठीची नोंद असते, त्यामुळे उपचार थांबत नाहीत, आणि पुढे विम्यासाठी तोच कागद लागतो. किती वेगानं, किती उंचीवरून आणि किती वाजता, यावरच सीटी काढायची की नाही हे ठरतं. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

सलाईन लावा, इंजेक्शन द्या, असा हट्ट धरू नका. ओकाऱ्या नसतील आणि माणूस पाणी पीत असेल तर सलाईनची गरज नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाला तर स्पष्ट नाही म्हणा. दहा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या क्रॅश या चाचणीत डोक्याच्या मारात स्टिरॉइड दिल्यानं मृत्यू वाढले असं दिसलं, आणि तेव्हापासून या कामासाठी ते देऊ नये असंच सांगितलं जातं. 'मेंदूची ताकद वाढवणारी' महाग औषधंही फारशी कामाची नाहीत. त्यांपैकी सिटीकोलीनची मोठी चाचणी २०१२ साली आली, तिच्यात फायदा दिसला नाही.

पहिली रात्र आणि पहिले दोन दिवस

डोक्याला मार लागल्यावर झोपू देऊ नये, हे जुनं सांगणं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या, झोप हेच औषध आहे. दर तासाला उठवून सकाळी डोकं आणखी दुखतं. पण पहिली रात्र माणूस एकटा झोपता कामा नये. शेजारी जागं होऊ शकेल असं कुणी असावं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर एक-दोनदा उठवून नाव आणि गाव विचारा; नीट उत्तर देऊन कूस बदलून झोपला तर ठीक. घोरणं एकाएकी विचित्र झालं, उठवल्यावर नुसतं हुंकारून परत पडतोय, तर गाडी काढा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसभरात तीन ग्रॅमच्या वर नाही. लहान मुलांना डॉक्टर वजनावर ठरवून देतील. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅस्पिरिन पहिले दोन दिवस तरी स्वतःच्या मनानं घेऊ नका, कारण आत कुठे रक्त पाझरत असेल तर ती ते वाढवतात. मेडिकलवाल्याला "अंगदुखीची गोळी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा यातलंच काही मिळतं, पाकिटावरचं नाव वाचा. हृदयासाठी डॉक्टरांनी लावलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, त्यांनाच विचारायचं. झोपेची गोळी नको. दारू तर नकोच.

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती म्हणजे घरातल्या घरात राहणं. न्हाणीघरात जाणं, अंगणात चार फेऱ्या, भाकरी खाताना गप्पा, हे सगळं चालतं. अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडून राहायची गरज नाही. बंद करायचा तो मोबाईल. २०२१ साली बारा ते पंचवीस वयाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात पहिले ४८ तास स्क्रीन टाळणाऱ्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत ओसरली, स्क्रीन पाहणाऱ्यांना आठ दिवस लागले. फुकटात मिळणारा इतका मोठा फरक दुसऱ्या कशात नाही. फोन उचलून बोलता येईल, पण रील, मॅच आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन दिवस बंद. नुसतं "बघू नको" म्हणून भागत नाही, फोन दुसऱ्याच्या खिशात गेला पाहिजे.

तिसऱ्या दिवसापासून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दोन टोकाच्या असतात. एक जण तिसऱ्या दिवशी पूर्ण कामाला लागतो, दुसरा महिनाभर खाटेवरून उठत नाही. दोघंही उशिरा बरे होतात. पडून राहिल्यानं झोपेचं घड्याळ बिघडतं, मान आखडते, उठलं की चक्कर येते, मन खचतं, आणि मग मार कुठला आणि पडून राहिल्याचा त्रास कुठला हे वेगळं काढता येत नाही.

मधली वाट मोजून चालायची आहे. बसल्या जागी आपल्या त्रासाला शून्य ते दहात आकडा द्या. समजा डोकेदुखी तीन आहे. मग पंधरा-वीस मिनिटं चाला. आकडा पाचपर्यंत गेला आणि तासाभरात परत तीनवर आला, तर चाललात ते बरोबर. दोनपेक्षा जास्त वाढला किंवा तासाभरानंतरही उतरला नाही, तर उद्या वेळ कमी करा, पण चालणं बंद करू नका. थोडा त्रास वाढणं म्हणजे मेंदूला इजा होणं नव्हे. वेग असा ठेवा की बोलता यावं, गाता येऊ नये. किशोरवयीन मुलांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात रोज असा हलका दमछाकीचा व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले.

मराठवाड्यात एक गोष्ट जादा सांभाळावी लागते, ऊन. एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या पुढचा पारा धडधाकट माणसाचं डोकं दुखवतो. चालायचं ते सकाळी सातच्या आत. बाहेर जाताना टोपी किंवा उपरणं आणि गॉगल, पण घरात गॉगल लावून बसू नका. डोळ्यांना अंधाराची सवय लागली की साधा ट्यूबलाईटही टोचायला लागतो. पाणी थोडं थोडं, दिवसभर. दुपारी चारनंतर चहा नको. दिवसाची झोप पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर अर्ध्या तासाच्या आत आणा. रात्री लाईट गेल्यावर झोपमोड होणारच असेल तर अंथरूण आधीच हवेशीर जागी टाका, पण बिनकठड्याच्या गच्चीवर नाही.

घरी तोल पाहायचा असेल तर शहाबादी फरशीची सांध सरळ रेघ म्हणून धरा. अनवाणी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवत दहा फूट जा आणि परत या. पाऊल रेघेबाहेर पडतंय, हात पसरावे लागतायत, मध्ये थांबावं लागतंय, तर अजून गाडी, ट्रॅक्टर, शिडी आणि विहिरीचा काठ नाही. रोज त्याच वेळी करून पाहिलं तर सुधारणा डोळ्यांनी दिसते, आणि त्यानं धीर येतो.

कामावर परतायचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी सरळ उभ्यानं होणारी कामं. मग वाकून करायची, म्हणजे खुरपणी, सोयाबीन काढणी. डोकं खाली गेलं की ठणका वाढतो, म्हणून सुरुवातीला अर्ध्या तासानं उठून उभं राहायचं. डोक्यावरचं ओझं, हंडा असो, गवताचा भारा असो की उसाची मोळी, सगळ्यात शेवटी. मुक्या मारात मानेलाही हिसका बसलेला असतो आणि सगळा भार तिच्यावरच येतो. फवारणीही शेवटीच. सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर वीस किलोच्या घरात जातो. शिवाय कीटकनाशकाच्या विषबाधेतही डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. कशानं होतंय हेच कळायचं नाही. मळणी यंत्राजवळ चक्कर येणाऱ्या माणसानं उभंच राहू नये.

उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेल्या ऊसतोड कामगाराला खाडा परवडत नाही, हे ठाऊक आहे. तरीही डॉक्टरांकडून "दोन आठवडे डोक्यावर ओझं नको, उंचावर चढणं नको" असं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मुकादमाला दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा कागदाला वजन असतं. गाडी भरायचं काम सोडून दुसरं काही मिळालं तरी पुष्कळ झालं.

लातूरला नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. त्यांना वाटतं चार दिवस बुडाले की वर्ष गेलं. उलट डोक्यात धुकं असताना वाचलेल्या चार दिवसांतलं काही टिकत नाही. दोन दिवसांनी वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं डोळे मिटून बसणं, अशा दोन-तीन फेऱ्यांनी सुरू करा. कागदावरचं आधी, व्हिडिओ लेक्चर नंतर. क्लासला आधी अर्धा दिवस, प्रोजेक्टरपासून लांबच्या बाकावर. सराव परीक्षा सगळ्यात शेवटी. तीन तास घड्याळ लावून ओएमआर उत्तरपत्रिकेतले गोल भरणं म्हणजे मेंदूचं उसाची मोळी उचलणंच आहे. सरांना आणि होस्टेलच्या मावशींना सांगून ठेवा, म्हणजे कुणी आळशी म्हणणार नाही.

कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेटवाल्यांसाठी सहा पायऱ्या आहेत, एकेका पायरीवर किमान २४ तास. घरातली रोजची कामं. चालणं आणि हलकं धावणं. एकट्यानं खेळाचा सराव, म्हणजे चढाईचं पदलालित्य पण समोर कुणी नाही. संघाबरोबर सराव पण अंगाला हात न लावता. डॉक्टरांच्या परवानगीनंतर पकडीसह सराव. आणि मग सामना. मेंदूचं व्होल्टेज असं पडलेलं असताना डोक्याला दुसरा मार बसला तर मेंदू झपाट्यानं सुजू शकतो. तो प्रकार विरळ, पण प्राणघातक, आणि तो दिसला आहे तो मुख्यतः तरुण खेळाडूंतच. जत्रेचा फड पुढच्या वर्षीही भरणार आहे.

जे आपोआप जात नाही

मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत आणि मुलं चार आठवड्यांत बरी होतात. त्यानंतरही त्रास राहिला तर "डोक्याला मार लागला होता ना, राहायचंच" असं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा त्यामागे वेगळं, दुरुस्त होणारं कारण सापडतं.

खाटेवर कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की घर गरकन फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. हे मेंदूचं नसून कानाचं आहे. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे माराने सुटून चुकीच्या नळीत जातात. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा शिकलेला फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक कोनांतून वळवून ते खडे जागी आणतो. इप्ली नावाची ही पद्धत पाच-दहा मिनिटांची आहे आणि बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. महिनोन्महिने चक्करची गोळी खाऊन खडे हलत नाहीत.

दुखणं मानेच्या मुळापासून सुरू होऊन कपाळाकडे येत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मान शेकून तिचे व्यायाम शिकून घ्या. सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. मार लागलेल्या मानेला असा झटका दिला तर मेंदूला रक्त नेणारी रोहिणी आतून फाटू शकते.

दहा मिनिटं वाचलं की ओळी एकात एक मिसळतात? पेनाचं टोक हातभर अंतरावरून सावकाश नाकाकडे आणा. नाकापासून चार बोटांच्या आत येण्याआधीच ते दुहेरी दिसायला लागलं, तर दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याचं काम ढिलं पडलं आहे. नेत्रतज्ज्ञांना हे असंच सांगा, कारण फक्त चष्म्याचा नंबर तपासला तर ते सापडत नाही. त्यासाठी डोळ्यांचे व्यायाम असतात.

महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त पॅरासिटामॉल खाल्लं जात असेल, तर आता गोळीच डोकेदुखी टिकवून धरत असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती कमी करा. पहिला आठवडा जड जाईल.

आणि चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं. पूर्वी शांत असलेला कर्ता माणूस ताट भिरकावतो आणि मग स्वतःच खजील होतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हे दुखण्याचं लक्षण आहे, स्वभाव बदललेला नाही. चार आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी मानसोपचाराची मदत घ्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हेल्मेटबद्दल थोडं. हेल्मेटनं कवटी वाचते, रक्तस्राव टळतो. मेंदूला बसणारा पीळ पूर्ण थांबत नाही. तरीही घालायचंच, आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून आणि पट्टा लावून, मागे बसणारीलाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं. ते पुन्हा वापरू नका आणि कुणाला देऊही नका.

शेवटी घरातली म्हातारी माणसं. वयानं मेंदू थोडा आकसतो आणि कवटीत जागा होते. त्यामुळे बाथरूममध्ये पाय घसरून डोकं हलकंसं आपटलं तरी मेंदूवरची बारीक शीर तुटून थेंब थेंब रक्त साचत राहतं. त्या दिवशीची सीटी अगदी नॉर्मल असू शकते. तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी आजोबा पाय ओढत चालायला लागतात, दिवसा झोपून राहतात, धोतर ओलं होतं, नातवाचं नाव चुकतं. लोक म्हणतात वय झालं. ते रक्त असेल तर कवटीला लहान भोक पाडून काढता येतं, आणि अशी कितीतरी माणसं पूर्ववत होतात. म्हणून आजी-आजोबा पडले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनानं गोल करा, आणि तीन महिने पुढची पानं उलटून तिथेही एक गोल करून ठेवा. या दोन गोलांच्या मधल्या काळात चालीत, बोलण्यात किंवा शुद्धीत काहीही फरक पडला तर पुन्हा सीटी, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: अमुक तारखेला पडले होते.